दिवे लावा आणि चावी फिरवा

गाडी सुरू झाली नाही की माणूस पुन्हा चावी फिरवतो. मग पुन्हा. मग दात आवळून, जरा जास्त वेळ. विमलबाईंना हे बघवत नसे. "आजारी माणसाला सारखं 'काय होतंय, काय होतंय' इचारल्यावानी हाय ते," त्या म्हणायच्या. "एकदा इचारा आन् गप ऱ्हावा. ती सांगती."

त्यांची माझी पहिली भेट झाली तेव्हा मीही असाच चावी फिरवत बसलो होतो. पंचवटीतल्या एका शाळेत मी ग्रंथपाल आहे. त्या दसऱ्याला सरस्वतीपूजनाची फुलं आणायचं काम माझ्याकडे आलं होतं. निवृत्त झालेल्या एका सहकाऱ्याची अठरा वर्षं वापरलेली गाडी मी घेतली होती, ती फुलबाजाराच्या तोंडाशीच बंद पडली. मागे रिक्षा, हातगाड्या, झेंडूची बाचकी घेतलेले दुचाकीवाले. सगळे हॉर्न वाजवत होते आणि मी चावी फिरवत होतो. आतून फक्त 'टक' असा आवाज येत होता.

खिडकीशी एक बाई आली. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, पदर कमरेला खोचलेला, पोलक्यावर पुरुषी सदरा.

"दिवे लावा," ती म्हणाली.

सकाळचे साडेआठ वाजले होते. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"पुढचे दिवे लावा आन् चावी फिरवा. एकदाच. मी समोर उभी ऱ्हाते."

मी तसं केलं. ती दिव्यांकडे बघत उभी राहिली. मागे कुणीतरी ओरडलं, तर तिने मान न वळवता हाताने थांब म्हटलं.

"दिवे मंद झाले नाय. म्हंजी बॅटरी चांगली हाय. आवाज एकच येतोय, टकटकटक नाय. बॉनेट उघडा."

तिने डिकीतून पान्हा मागून घेतला, खांद्यापर्यंत हात इंजिनाच्या फटीत घातला आणि आत कुठेतरी दोन टोले मारले. जोरात नाही. नारळ पक्का आहे का बघताना मारतात तसे. "आता मारा सेल्फ."

गाडी सुरू झाली.

"सेल्फचे कार्बन झिजलेत. चार-आठ दिस निघतील आजून. बाजारात बंद करत जाऊ नका," असं म्हणून ती परत आपल्या निशिगंधाच्या ढिगाकडे गेली. आभार मानायला मी गाडीतून उतरणार होतो, पण गाडी बंद करायची भीती वाटली.

ते चार-आठ दिवस पाचच निघाले. गॅरेजवाल्याने सांगितलं, सगळा सेल्फच, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटरच, बदलावी लागेल. का कोण जाणे, मी त्याला थांब म्हणालो आणि दुसऱ्या सकाळी फुलबाजारात जाऊन त्या बाईंना शोधलं. त्यांनी ऐकून घेतलं. "मला वाटत नाय," त्या म्हणाल्या. "पन मालकांना इचारू. धक्का मारून घरी आना गाडी."

विमलबाईंचा मळा मखमलाबादच्या पलीकडे होता. दोन बाजूंना नव्या इमारतींचे सांगाडे उभे राहिले होते आणि मध्ये झेंडू, अष्टर, निशिगंधाचे तुकडे. तीन खोल्यांचं घर, बाजूला पत्र्याची शेड, शेडमध्ये त्यांची गाडी. सत्तावीस वर्षांची, पांढरी, चौकोनी. मागची सीट काढून टाकलेली, तिथे फुलांचे क्रेट बसत. स्टेअरिंगखालचं झाकण केव्हाच गेलेलं होतं आणि वायरी लोंबत होत्या. गाडीच्या तोंडाशी, प्लॅस्टिकच्या खुर्चीत, स्वच्छ धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यात एक गृहस्थ बसले होते.

"आमचे मालक," विमलबाई म्हणाल्या.

नामदेवरावांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तोंडातून एकच आवाज यायचा, 'हां'. हो म्हणायचं असलं तरी हां, नको म्हणायचं असलं तरी हां. म्हणून त्या दोघांनी शब्द सोडून दिले होते. डावा अंगठा वर केला की हो, डोळे मिटले की नाही.

माझ्या गाडीचं बॉनेट उघडून विमलबाईंनी त्यांची खुर्ची पुढे ओढली. चावी फिरवून आवाज ऐकवला. मग एकेका भागावर बोट ठेवून विचारायला लागल्या.

"अवो, ह्ये का?"

डोळे मिटले.

"ह्ये?"

डोळे मिटले. या माणसाच्या चेहऱ्यावर मला आधी काहीच दिसलं नव्हतं. आता भुवया आवळल्या होत्या, मान एका बाजूला कलली होती. सेल्फच्या मागच्या टोपणावर बोट गेलं तेव्हा अंगठा वर झाला.

"सगळा बदलायचा?"

डोळे मिटले, आणि जरा जास्त वेळ मिटलेलेच राहिले. ते 'अजिबात नाही' होतं, हे मला नंतर कळलं.

"कार्बनच," विमलबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. "त्या गॅरेजवाल्याला सांगा, फक्त आतले कार्बनचे तुकडे बदल. मालकांनी सांगितलं म्हना."

गॅरेजवाल्याने कुरकुर करत कार्बन बदलले. गाडी पुढे तीन वर्षं त्या सेल्फवर चालली.

त्यानंतर मी त्या मळ्यावर जात राहिलो. निमित्त फुलांचं असे. हे सगळं सुरू कसं झालं, ते विमलबाईंनी मला फुलं तोडता तोडता सांगितलं. नामदेवराव वीस-बावीस वर्षं एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होते. डॉक्टरांनी नवी गाडी घेतली आणि ही जुनी त्यांना दिली. तेव्हापासून बाजाराला माल तेच न्यायचे. बाईंना गाडी चालवायला त्यांनीच शिकवली होती, पण बॉनेट कधी उघडू दिलं नव्हतं.

दवाखान्यातून घरी आणल्यावर नामदेवराव भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. भरवलं तर तोंड उघडत नसत. आठवडाभराने एका सकाळी, फुलं तोडून क्रेट भरलेले असताना गाडी सुरू होईना. मेकॅनिक म्हणाला, दुपारी येतो. दुपारपर्यंत अष्टर माना टाकतो.

"मी रागानं घरात गेले," विमलबाई म्हणाल्या. "खाटंसकट ओढलं त्यांना. म्हटलं, पडून ऱ्हायला लय जागा हाय, इथं बाहेर पडून ऱ्हावा आन् सांगा मला ह्या गाडीला काय झालंय."

"मग?"

"मग काय. दोन तास गेले. मी कायबी दाखवायची, त्ये डोळे मिटायचे. मला तर पानी कुठं घालत्यात तेबी ठाऊक नव्हतं. दोन तासांनी कळलं, बॅटरीचा नट ढिल्ला."

"नुसता नट?"

"नुसता नट. त्या दिशी माल उशिरा गेला." त्यांनी फूल क्रेटमध्ये टाकलं. "आन् त्या दिशी त्यांनी अर्धी भाकर खाल्ली."

विमलबाईंचं बोलणं सगळं असंच असे, सपाट. आनंदाची गोष्ट आणि वाईट गोष्ट त्या एकाच सुरात सांगत. थंडीत पहाटे निशिगंध तोडताना बोटं बधीर होतात, त्याबद्दलही त्यांची तक्रार नसे. "बधीर झाली की बरं. काम दिसतं, दुखनं कळत नाय."

एकदा त्यांनी मला विचारलं, "सर, तुमच्याकडं लय पुस्तकं. सेल्फ आतून कसा दिसतो त्याचं चित्र असंल का?"

शाळेच्या ग्रंथालयात एका तांत्रिक अभ्यासक्रमाची जुनी पुस्तकं पडून होती. त्यात सेल्फचं उभं कापलेलं चित्र सापडलं. मी त्याची मोठी झेरॉक्स करून दिली. विमलबाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला. "ह्ये कुनाचं पोट फाडलंय?" त्या म्हणाल्या. पण नामदेवरावांच्या हातात तो कागद गेला आणि त्यांनी तो मांडीवर पसरला. मग डाव्या बोटाने चित्रावर हळूहळू रेघ ओढू लागले. बॅटरीची जाड तार येते तिथून आत, तिथून फिरत्या गाभ्याकडे, तिथून बाहेर. पुन्हा पहिल्यापासून. झटक्यानंतर त्यांनी पहिल्यांदाच कुणाला तरी सलग काही सांगितलं होतं. पत्र्याच्या शेडला तो कागद खिळ्याने लावला गेला, आणि त्यानंतर विमलबाईंचे प्रश्न बदलले. 'ह्ये का?' जाऊन 'इथपर्यंत करंट येतोय, पुढं नाय. मग मधलं ह्ये?' असं त्या विचारू लागल्या.

फुलबाजारात नाव व्हायला वेळ लागला नाही. कुणाची गाडी अडली की लोक म्हणत, निशिगंधवाल्या मावशींना बोलवा. जे स्वतःला कळलं नाही ते त्या मोबाइलवरून व्हिडिओ कॉल करून मालकांना दाखवत. घरी नामदेवरावांच्या समोर फोन तांब्याला टेकवून ठेवलेला असे. ते डाव्या अंगठ्याने तो उचलायचे.

एकदा पेठकडचा एक जीपवाला द्राक्षाच्या कामाला माणसं घेऊन चालला होता. त्याची जीप बाजारापाशी बंद पडली. सेल्फ फिरत होता, पण मरगळल्यासारखा. घुर्र... घुर्र... आणि बंद.

"कालच नवी बॅटरी टाकली, मावशी," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "सेल्फबी खोलून झाला. मानसं खोळंबलीत मागं."

विमलबाईंनी दिवे लावायला सांगितले, आवाज ऐकला, वायरी हलवून पाहिल्या. कळेना. मग फोन लावून इंजिनावरून फिरवला. नामदेवराव बघत राहिले. अंगठा नाही, डोळे मिटणं नाही. मग त्यांनी डाव्या हाताने आपल्याच मांडीवर थाप मारली. पुन्हा मारली.

"पाय दुखतोय?" विमलबाईंनी विचारलं.

डोळे घट्ट मिटले. परत थाप. या वेळी खाली, पावलाकडे.

"पाय... पायाखाली?"

अंगठा वर.

त्या जीपच्या दारातून आत वाकल्या आणि पायाखालची पेडलं चाचपू लागल्या. एकदम हात मागे घेतला. "अॅक्सिलेटरची तार भाजती हाय!"

जीपवाल्याला काही समजलं नाही. मलाही नाही. विमलबाई मात्र जीपखाली शिरल्या होत्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात तुटलेली, गंजून हिरवी झालेली एक पट्टी होती. इंजिन आणि गाडीचा सांगाडा जोडणारी.

"करंट जातो ना, त्याला परत यायला वाट लागती," त्यांनी जीपवाल्याला समजावलं. "ही त्याची वाट. ती तुटली. मग तो मिळंल त्या वाटेनं परत येतो. अॅक्सिलेटरच्या तारेतनं येत होता. ज्याचं ते काम नाय ते जळतं मग."

त्या दिवशी बाजारातल्या लोकांनी फोनमध्ये तोंडं घालून नामदेवरावांना नमस्कार केला. ते हसत होते. अर्धंच तोंड हसायचं, पण हसत होते.

तरी एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला वर्ष गेलं. विमलबाईंची स्वतःची गाडी फारच वेळा बंद पडायची. दर चार दिवसांनी काहीतरी. कधी बॅटरीची तार, कधी सेल्फवरची बारीक वायर, कधी फ्यूज. दुसऱ्यांच्या गाड्या चुटकीसरशी सुरू करून देणारी बाई स्वतःच्या गाडीपाशी तास-तास उभी राहून 'अवो, ह्ये का?' विचारत असे. नामदेवराव ड्रायव्हरच्या उघड्या दाराशी खुर्चीत बसून डाव्या हाताने चावी फिरवायचे आणि या समोर उभ्या. मला वाटायचं, जुनीच गाडी ती.

एका रविवारी मी लवकर गेलो. विमलबाई शेडमध्ये एकट्या होत्या. त्यांनी बॉनेट उघडून सेल्फवरची बारीक वायर उपसून काढली आणि दिसणार नाही अशी बाजूला सारली. मग वळल्या, तर मी उभा.

त्यांनी बॉनेट खाली घेतलं. मग त्या म्हणाल्या, "नाष्टा झाला की बाहेर येतील. तवर कायतरी व्हाया पायजे ना गाडीला."

"त्यांना कळत नाही?"

"कळू नये म्हनून तर दर वेळी दुसरी वायर." त्यांनी हात सदऱ्याला पुसले. "सांगू नका, सर."

मी सांगणार तरी काय होतो? त्या सकाळी मी तिथेच बसलो. नामदेवरावांनी चावी फिरवली, मान कलती करून ऐकलं, आणि वीस मिनिटं प्रश्नोत्तरं चालली. वायर सापडली तेव्हा विमलबाई म्हणाल्या, "तुमी नसता तर मी काय केलं असतं!" आणि नामदेवरावांनी अंगठा वर केला. विमलबाईंचा चेहरा नेहमीसारखाच होता.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला ते झालं. मी शाळेत होतो. पुढचं मला विमलबाईंनीच सांगितलं, दहाव्यानंतर, झेंडूच्या वाफ्याच्या कडेला बसून.

दुपारी दोनच्या सुमारास त्या पाणी देऊन घरी आल्या, तर नामदेवराव खुर्चीतून एका बाजूला घसरले होते. डोळे उघडे, पण बघत नव्हते. रुग्णवाहिका यायला वेळ होता. शेजारच्या मळ्यातली दोन माणसं धावत आली. त्यांनी नामदेवरावांना गाडीत मागे, जिथे फुलांचे क्रेट बसत तिथे, पोत्यांवर झोपवलं. विमलबाईंनी सकाळीच सेल्फवरची बारीक वायर काढून ठेवली होती; पाण्याच्या गडबडीत शोधाशोध राहून गेली होती. त्यांनी ती बसवली, चावी फिरवली.

काहीच आवाज आला नाही.

"दिवे लखलखीत," त्या सांगत होत्या. "म्हंजी बॅटरी चांगली. मला वाटलं, घाईत वायर नीट बसली नाय. परत बसवली. परत तेच. तिसऱ्यांदा बसवली. माझ्याच हातचं पाप हाय म्हनून मी तीच वायर धरून बसले. त्यातच गेली मिनटं."

"मग?"

"मग इचारलं त्यांना. सवय ना. 'अवो, ह्ये का?' म्हटलं. मागं वळून बघितलं बी." त्या थांबल्या नाहीत. "मग तपासायचा बारका दिवा तारांना लावून बघितला. जाड तारेला करंट हाय. चावी फिरवली तरी बारीक वायरीला नाय. म्हंजी वायर नाय, चावीपासूनच येत नाय. मग काय, गाडी न्यूट्रल केली, चावी चालू ठेवली, पेचकस सेल्फवरच्या दोन्ही तारांमधी आडवा धरला. ठिनगी उडाली आन् झाली चालू."

हे सगळं त्यांनी एकटीने शोधलं होतं. कुणालाही न विचारता, पहिल्यांदाच. एखाद्या चांगल्या मेकॅनिकलाही इतक्या भराभर जमलं नसतं. मी तसं म्हणालोही.

"बारा मिनटं लागली," विमलबाई म्हणाल्या. "दवाखान्यात दोन दिस होते. मग गेले." वाफ्यातलं एक तण त्यांनी उपटलं. "सर, बारा मिनटं लय असत्यात का?"

"नाही," मी म्हणालो. "त्याने काही फरक पडला नसता."

"तुमी डॉक्टर नाय."

"डॉक्टरांना विचारलंत?"

"नाय. आन् इचारनार बी नाय."

त्या रडल्याचं मी पाहिलं नाही. बाकी कुणी पाहिलं असेल असं वाटत नाही. त्या बाजारात येत होत्या. लोक गाड्यांचं विचारत होते, त्या सांगत होत्या. दिवे बघत, आवाज ऐकत, बोट ठेवत. फोन मात्र पिशवीतून बाहेर काढत नसत. मी एकदा विचारलं, कसं चाललंय. त्यांनी गालावर बोट टेकवलं. "दाढ काढताना सुई देत्यात ना, तसं झालंय. गाल आपलाच, पन हात लावला की दुसऱ्याचा वाटतो."

"उतरेल हळूहळू."

"उतरल्यावरच दुखतं ना पन," त्या म्हणाल्या, आणि गिऱ्हाइकाला निशिगंध मोजून देऊ लागल्या.

दोन महिन्यांनी त्यांनी गाडी एका रोपवाटिकेवाल्याला विकली. मी होतो तेव्हा. त्यांनी त्याला गाडीची प्रत्येक खोड सांगितली. पावसाळ्यात कुठल्या जोडाला पांढरं धरतं, गरम इंजिनावर सेल्फ जड का जातो, थंडीत चावी फिरवण्याआधी किती थांबायचं. तो बिचारा मान हलवत होता. गाडी फाटकाबाहेर जाण्याआधीच विमलबाई घरात गेल्या होत्या. पुढे मळा वाट्याने देऊन त्या लेकीकडे, मनीषाकडे, चांदवडला गेल्या. जाताना भेटल्या नाहीत. फोन नंबर तोच होता, पण उचलत नसत.

या जानेवारीत शाळेच्या कामासाठी मला मालेगावला जायचं होतं. परतताना मी चांदवडला हायवे सोडला आणि विचारत विचारत मनीषाचं घर गाठलं. घरामागे कांदाचाळ, पुढे अंगण. अंगणात विमलबाई कांदे निवडत बसल्या होत्या. सदरा अंगात होता. अंगाने उतरल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "बसा, सर," जणू मी कालच येऊन गेलो होतो.

मनीषा चहा टाकायला आत गेली. मी शाळेचं, बाजाराचं काहीबाही बोलत राहिलो. त्या कांदे निवडत होत्या. चांगला एका क्रेटमध्ये, डागी दुसऱ्यात. मग मधेच, हात न थांबवता, त्या म्हणाल्या, "गाडी इकायच्या आधी मी ती चावी खोलली होती."

"कुठली चावी?"

"चावीचा स्विच. म्हटलं, बिघाड तसाच ठेवून कशी द्यायची दुसऱ्याला. चावीमागनं सेल्फला जाते ती वायर. मला वाटलं, तुटली असंल, नायतर जळली असंल. तीस वर्षांची गाडी."

"मग?"

"तुटली नव्हती." त्यांनी एक कांदा फिरवून पाहिला आणि डागी क्रेटमध्ये टाकला. "काढून ठेवली होती. नीट, वर गुंडाळून. दुसऱ्या वायरींच्या मागं. दिसनार नाय अशी."

मला समजायला थोडा वेळ लागला. अंगण, कांदे, त्यांचे हात, सगळं मी बघत होतो, पण आत काही शिरत नव्हतं. ड्रायव्हरच्या दाराशी ठेवलेली खुर्ची मला आठवली. स्टेअरिंगखाली लोंबणाऱ्या वायरी. डावा हात.

"त्यांनी?"

"दवाखान्यात मी त्यांचा हात धरून बसले होते. डाव्या नखात काळं होतं. मला वाटलं, माझ्याच हाताचं लागलं." त्यांनी हातातला कांदा चांगल्या क्रेटमध्ये टाकला. "त्यांना पहिल्यापासून कळत असंल, सर. मी सारखं कायतरी काढते ते. कवापासून त्येबी काढत होते, आता कोन सांगनार. कदी कदी मला न सापडनारं बी निघायचं. मला वाटायचं, जुनी गाडी."

मी पायाशी घरंगळलेला एक कांदा उचलून त्यांच्याकडे दिला.

"त्या दिशी त्यांना वाटलं असंल," विमलबाई त्याच आवाजात म्हणाल्या, "आज हिला जरा अवघड कोडं घालू."

आतून कपबशीचा आवाज आला. विमलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मनीषाला ठाऊक नाय ह्ये. कुनालाच नाय. तुमी माझं एक बघितलं होतं, म्हनून तुमाला सांगितलं."

मनीषा चहा घेऊन आली. आम्ही चहा प्यायलो. मनीषा म्हणाली, आईला आता बरं आहे, झोप लागते. विमलबाई म्हणाल्या, हो, लागते. मी उठलो तेव्हा त्याही उठल्या, आणि मला वाटलं, फाटकापर्यंत येतील. पण त्यांनी भरलेल्या क्रेटला एका बाजूने हात घातला. मनीषाने पदर खोचून दुसरी बाजू धरली. क्रेट जड होता. दोघी एकमेकींचं पाऊल बघत, तिरक्या चालत, कांदाचाळीच्या दारातून आत गेल्या.